सिम्युलेशनमधील न्यायाधीशपदासाठी उभे राहताना मतदारांना नेमके काय सांगावे?

धागाकर्ती

मी ज्या ऑनलाइन राजकीय सिम्युलेशनमध्ये काही वर्षे भाग घेत आहे, तिथल्या न्यायालयातील एक जागा रिकामी झाली असून तिच्यासाठी अर्ज भरण्याचा माझा विचार आहे. ज्यांनी असे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २००२ पासून चालत आलेल्या नेशनस्टेट्स या ऑनलाइन खेळातील प्रदेश असोत किंवा रेडिट या चर्चामंचावर २०१४ मध्ये सुरू झालेले, ब्रिटिश संसदेच्या सभागृहाची नक्कल करणारे प्रतिरूप हाउस ऑफ कॉमन्स असो, अशा समूहांत सदस्य स्वतःचे कायदेमंडळ चालवतात, पक्ष काढतात, कायदे संमत करतात आणि त्या कायद्यांच्या अर्थावरून भांडतातही. भांडण झाले की न्यायालय लागते. आमच्याकडे तीन न्यायाधीश आहेत, त्यांची मुदत चार महिन्यांची असते, ते थेट मतदानाने निवडले जातात आणि मुख्य न्यायाधीश कोण हे ते आपसांत ठरवतात.

कायदेमंडळाची निवडणूक मी याआधी लढवली आहे, त्यामुळे जाहीरनामा कसा मांडायचा किंवा दुसऱ्या पसंतीची मते कुठून येतील याचा अंदाज कसा बांधायचा, हे मला नवीन नाही. न्यायाधीशपदासाठीचे निवेदन लिहायला घेतले आणि मात्र पहिल्याच परिच्छेदात अडले. मंत्रिपदाचा उमेदवार ‘मी अमुक करीन’ असे सांगून मते मागतो. न्यायाधीशपदाच्या उमेदवाराने ‘मी अमुक निकाल देईन’ असे सांगितले, तर माझ्या मते तो त्या पदाला तिथेच अपात्र ठरतो. मग सांगायचे काय? ‘निःपक्षपाती राहीन’ हे तर प्रत्येक जण सांगतो. प्रचाराच्या आठवड्यात आमच्याकडे एकापेक्षा एक रामशास्त्री उभे असतात.

प्रश्न केवळ तात्त्विक नाही. मागच्या मंत्रिमंडळाच्या निवडणुकीत मतदान खुल्या धाग्यावर झाले आणि त्याची मुदत यूटीसीनुसार, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार, मध्यरात्रीपर्यंत होती. तीन सदस्यांनी मुदतीच्या आत मत नोंदवले, पण मुदत उलटल्यावर त्यांच्या नोंदींवर ‘संपादित’ अशी खूण दिसू लागली. संपादित मते बाद करण्याचे कलम आमच्या निवडणूक कायद्यात आहे, म्हणून निवडणूक अधिकाऱ्याने ती तिन्ही मते बाद केली आणि निकाल दोन मतांच्या फरकाने लागला. याचिका येणार हे उघड आहे आणि ती नव्या न्यायालयासमोरच येणार. आता जो तो मला खासगी संदेश पाठवून एकच गोष्ट विचारतो आहे: ती मते मोजायला हवी होती की नको? उत्तर द्यावे की नाही, आणि द्यायचे नसेल तर मतदाराला उडवून लावल्यासारखे न वाटता ते कसे सांगावे, याबद्दल अनुभवी मंडळींचे म्हणणे ऐकायला आवडेल.

प्रतिसाद १ (दुसऱ्या एका सिम्युलेशनमधील माजी न्यायाधीश)

उत्तर देऊ नका. पण गप्पही बसू नका. या दोहोंच्या मध्ये बरीच जागा आहे आणि तिचा विचार प्रत्यक्षातल्या न्यायालयांनी आपल्याआधी करून ठेवला आहे.

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांमध्ये न्यायाधीशांना कोणत्या ना कोणत्या स्वरूपात मतदारांना सामोरे जावे लागते. मिनेसोटा राज्यात असा नियम होता की न्यायाधीशपदाच्या उमेदवाराने वादग्रस्त कायदेशीर किंवा राजकीय प्रश्नांवर आपले मत जाहीर करू नये. २००२ मध्ये ‘रिपब्लिकन पार्टी ऑफ मिनेसोटा विरुद्ध व्हाइट’ या प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो नियम रद्द केला. निवडणूक घ्यायची आणि उमेदवाराच्या तोंडाला कुलूपही लावायचे, हे चालणार नाही, असा त्याचा रोख होता. मात्र त्याच आचारसंहितेत वेगळे एक कलम होते, पदावर आल्यावर कसे वागू याविषयी वचने देण्यास मनाई करणारे, आणि त्याला त्या प्रकरणात कोणी आव्हानच दिले नव्हते. मत सांगणे आणि वचन देणे यांतला हा फरक तुमच्या कामाचा आहे.

तुमच्या उदाहरणाला तो लावून पाहा. ‘मत संपादित करण्यावर बंदी घालणारा नियम निकाल पाहून मत फिरवण्याला आळा घालण्यासाठी असतो, म्हणून तो वाचताना काय बदलले गेले याला महत्त्व आहे’, हे मत झाले. ते तुम्ही मांडू शकता, आणि सुनावणीत कोणी तुम्हाला उलटे पटवून दिले तर ते सोडूही शकता. ‘ती तीन मते मोजली जायला हवी होती’, हे म्हणालात की ज्याच्याविरुद्ध ते जाते तो पक्षकार तुमच्यासमोर उभा राहील तेव्हा त्याच्याकडे सांगण्यासारखे काही उरलेले नसेल. त्याचे म्हणणे ऐकण्याआधीच निकाल लागलेला असेल आणि तो निकाल तुमच्या प्रचाराच्या धाग्यावर तुमच्याच नावाने नोंदलेला असेल.

आता उडवून न लावता कसे सांगावे याविषयी. मी स्वतः साधारण असे लिहीत असे: ‘हा प्रश्न न्यायालयासमोर येण्याची शक्यता आहे. उद्या तुम्ही त्यातले पक्षकार असाल, तर न्यायाधीशाने तुमच्या विरोधकाला खासगी संदेशात आधीच उत्तर देऊन ठेवलेले तुम्हाला चालेल का? म्हणून मी कोणालाच उत्तर देत नाही.’ लोक हे समजून घेतात. ज्यांना हे कळत नाही त्यांचे मत तुम्हाला तसेही मिळणार नव्हते.

प्रतिसाद २ (एका पक्षाचा सध्याचा पदाधिकारी)

मी असहमत आहे, आणि असहमती केवळ वादासाठी नाही.

सिम्युलेशनमधला न्यायाधीश आकाशातून पडत नाही. तो कालपर्यंत कायदेमंडळात भाषणे करत होता, चॅटवर रात्र रात्र वाद घालत होता आणि त्यातला प्रत्येक शब्द शोधपट्टीत नाव टाकले की सापडतो. अशा माणसाने उमेदवारी अर्ज भरल्याच्या दिवसापासून कोरी पाटी असल्याचा आव आणायचा, याला मी संयम म्हणत नाही. १९७२ मध्ये ‘लेअर्ड विरुद्ध टेटम’ प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्ती रेन्क्विस्ट यांच्यावर असाच आक्षेप आला होता: त्यांनी न्याय खात्यात असताना संसदीय समितीपुढे त्या विषयावर मत मांडले होते, म्हणून त्यांनी बाजूला व्हावे. त्यांनी ते नाकारले आणि नाकारताना जे लिहिले त्याचा आशय असा होता की नियुक्तीच्या वेळी घटनात्मक प्रश्नांवर एखाद्याचे मन पूर्णपणे कोरे असेल, तर तो निःपक्षपातीपणाचा नव्हे, अपुऱ्या तयारीचा पुरावा ठरेल. त्यांच्या निर्णयावर टीका पुष्कळ झाली, पण हा मुद्दा मला अजून कोणी खोडून काढलेला दिसत नाही.

मतदार म्हणून मला उमेदवार कायदा कसा वाचतो हे कळले पाहिजे. शब्दाला चिकटून बसणारा आहे की हेतूकडे पाहणारा आहे? निवडणूक अधिकाऱ्याच्या निर्णयात हात घालायला तो किती उत्सुक आहे? हे न सांगता मत मागणे म्हणजे प्रश्नपत्रिका न पाहता पूर्ण गुण मागणे आहे. म्हणून माझी सूचना अशी की चालू वादाला स्पर्श न करता, निकाली निघालेले दोन-तीन जुने निकाल घ्यावेत आणि आपण ते कसे लिहिले असते, कुठे सहमत झालो असतो, कुठे भिन्नमत नोंदवले असते, हे उमेदवाराने जाहीरपणे मांडावे. जुन्या प्रकरणांत आता कोणाचेच काही अडकलेले नसते, आणि उमेदवाराची विचार करण्याची पद्धत मात्र लपत नाही.

धागाकर्ती

ही सूचना मनापासून आवडली. आमच्याकडे ज्या निकालावर सर्वाधिक वाद झाला, त्यात न्यायालयाने ‘नागरिक’ या शब्दाची व्याख्या कायद्यात नाही म्हणून मंचावरील प्रत्येक नोंदणीकृत खात्याला दाद मागण्याचा हक्क दिला होता. तो निर्णय मला पटलेला नाही, कारण त्याच कायद्याच्या मतदारयादीच्या भागात नागरिकत्वाच्या अर्जाची पूर्ण प्रक्रिया दिलेली आहे आणि ती वाचली असती तर व्याख्या वेगळी शोधावी लागली नसती. यावर मी विस्ताराने लिहू शकेन.

प्रतिसाद ३

मूळ प्रश्नाच्या थोडे मागे जाऊन विचारतो. न्यायाधीश निवडणुकीने निवडावेतच कशाला? बोलिव्हियाने २०११ मध्ये आपल्या सर्वोच्च पातळीवरील न्यायालयांसाठी थेट मतदान घेतले, उमेदवारांना प्रचार करण्यास घटनेनेच मनाई होती, आणि बाद व कोरी मते मिळून वैध मतांपेक्षा जास्त निघाली. मेक्सिकोमध्ये १ जून २०२५ रोजी न्यायाधीशांची निवडणूक झाली तेव्हा मतदान सुमारे १३ टक्क्यांवर थांबले. प्रचार बंद ठेवला तर मतदार आंधळा आणि मोकळा सोडला तर न्यायाधीश बांधील, अशी ही कोंडी आहे.

प्रतिसाद १ (माजी न्यायाधीश)

खरे आहे, पण सिम्युलेशनमध्ये पर्याय फारसे उरत नाहीत. निवडून आलेल्या प्रमुखाने न्यायाधीश नेमायचे म्हटले की त्याच्याच चॅटमधल्या तीन मित्रांची नावे येतात, आणि न्यायाधीशांनीच आपले वारस निवडायचे म्हटले तर न्यायालय हा एक बंद गट होऊन बसतो. छोट्या समूहात निवडणुकीचा खरा फायदा मतपत्रिकेवरच्या ‘नामांकने पुन्हा उघडा’ या पर्यायात असतो. एकच उमेदवार उभा असला तरी त्याला या पर्यायाला हरवावे लागते, आणि मी असे उमेदवार पाहिले आहेत जे बिनविरोध उभे राहून पडले. धागाकर्तीचा प्रश्न निवडणूक आहे हे धरून चाललेला आहे, तर आपणही तिथेच राहू.

प्रतिसाद ४ (काही सिम्युलेशनमध्ये निवडणूक अधिकारी म्हणून काम केलेला सदस्य)

सर्व चर्चा मते आणि वचने यांवर चालली आहे, पण मतदार म्हणून मला उमेदवाराला विचारायचे आहे ते वेगळेच: तुम्हाला पुरावा वाचता येतो का? सिम्युलेशनमधले बहुतेक खटले कायद्याच्या अर्थावर सुरू होतात आणि एका स्क्रीनशॉटवर येऊन अडतात.

धागाकर्तीने दिलेले उदाहरणच घ्या. ‘संपादित’ ही खूण दिसली, एवढ्यावर तीन मते गेली. पण ती खूण नेमके काय सांगते? काही मंचांचे सॉफ्टवेअर नोंद टाकल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांतले बदल संपादन म्हणून मोजतच नाही. म्हणजे खूण नसणे हा बदल न झाल्याचा पुरावा नव्हे. उलट काही ठिकाणी जुन्या आवृत्त्या जतन होतात आणि शब्दाशब्दाचा फरक दाखवता येतो. तिथे मतातले उमेदवाराचे नाव बदलले की खाली स्वाक्षरीची ओळ जोडली, हे दोन क्लिकमध्ये कळते. डिस्कॉर्ड या चॅटच्या ॲपवर संदेश संपादित झाल्याची खूण दिसते, तिच्यावर कर्सर नेला तर वेळही दिसते, मात्र आधीचा मजकूर काय होता हे डिस्कॉर्ड नंतर कोणालाच दाखवत नाही, सर्व्हरच्या मालकालाही नाही. म्हणजे एकाच ‘संपादित’ खुणेचा अर्थ माध्यमाप्रमाणे बदलतो आणि न्यायाधीशाला ते माहीत नसेल तर तो कायद्याचा उत्तम जाणकार असूनही चुकीचा निकाल देईल.

वेळेचे तर विचारूच नका. बहुतेक मंचांवर आणि चॅटवर वेळ पाहणाऱ्याच्या स्वतःच्या कालक्षेत्रानुसार दिसते. एका प्रकरणात दोन पक्षांनी एकाच नोंदीचे दोन स्क्रीनशॉट दिले, एकात साडेअकरा, दुसऱ्यात पहाटेचे पाच, आणि दोन्ही पक्ष एकमेकांवर बनावट पुराव्याचा आरोप करत राहिले. दोन्ही चित्रे खरी होती. डिस्कॉर्डच्या बाबतीत यावर सोपा उपाय आहे: संदेशाचा दुवा मागवा. त्या दुव्याच्या शेवटी जो लांबलचक क्रमांक असतो, त्यातच संदेश कधी तयार झाला ती वेळ दडलेली असते, २०१५ च्या पहिल्या क्षणापासून मोजलेल्या मिलिसेकंदांत, आणि ती कोणाच्याही कालक्षेत्रावर अवलंबून नसते. स्क्रीनशॉट मात्र ब्राउझरमध्ये पानाचा मजकूर बदलून अर्ध्या मिनिटात हवा तसा तयार करता येतो. म्हणून मी अशा उमेदवाराला मत देईन जो निवेदनात लिहील की केवळ स्क्रीनशॉटवर कोणाला दोषी धरणार नाही, दुवा किंवा प्रशासकाने तपासलेली नोंद मागेन, आणि प्रशासक साक्षीदार म्हणून येत असेल तर त्यालाही प्रश्न विचारण्याची संधी दोन्ही पक्षांना देईन.

प्रतिसाद ५ (नवीन सदस्य)

एक भाबडा प्रश्न. प्रशासकाने कोणाला मंचावरून काढून टाकले, तर त्याविरुद्ध या न्यायालयात जाता येते का? उमेदवारांपैकी एकाने ‘प्रशासकांवर अंकुश ठेवीन’ असे लिहिलेले वाचले.

प्रतिसाद १ (माजी न्यायाधीश)

प्रश्न भाबडा नाही. बहुतेक ठिकाणी उत्तर ‘नाही’ असे आहे. खेळातले गुन्हे, म्हणजे निवडणुकीतला गैरव्यवहार, दुबार खात्यांनी केलेले मतदान, पदाचा गैरवापर, हे न्यायालयाकडे येतात आणि त्यांना शिक्षाही खेळातलीच असते: मताधिकार काही काळ काढून घेणे, पदावरून हटवणे, निवडणूक लढवण्यास बंदी. छळ, धमकी, कोणाची खासगी माहिती उघड करणे, हे खेळाबाहेरचे विषय आहेत आणि तिथे खऱ्या माणसांची सुरक्षितता पणाला लागलेली असते, म्हणून ते प्रशासकांकडेच राहिलेले बरे. दुबार खाती मात्र दोन्हीकडे पाय ठेवून असतात: ती ओळखण्याची तांत्रिक माहिती प्रशासकांकडे असते आणि शिक्षा न्यायालयाने द्यायची असते. ज्या उमेदवाराने ‘अंकुश ठेवीन’ असे लिहिले आहे त्याला घटनेतले कोणते कलम तसा अधिकार देते, एवढेच विचारा.

प्रतिसाद ६ (वकील म्हणून अनेक सिम्युलेशनमध्ये बाजू मांडलेला सदस्य)

जिथे पक्ष आणि ओळखीपाळखी यांचा विषय येतो, तिथे माझ्या मते या निवडणुकीचा खरा कस लागणार आहे.

स्वतःच्या प्रकरणात कोणी न्यायाधीश होऊ नये, हे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व सर्वांना मान्य असते. अडते ते ‘स्वतःचे प्रकरण’ कुठपर्यंत पसरते यावर. १९९८ मध्ये, तेव्हा ब्रिटनचे सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सला चिलीचे माजी हुकूमशहा पिनोशे यांच्या प्रकरणातला आपलाच निर्णय रद्द करावा लागला, कारण निर्णय देणाऱ्यांपैकी लॉर्ड हॉफमन हे ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवाधिकार संघटनेशी जोडलेल्या धर्मादाय संस्थेचे संचालक होते आणि ॲम्नेस्टी त्या प्रकरणात म्हणणे मांडणारी एक बाजू होती. त्यांनी पक्षपात केला असे कोणी सिद्ध केले नव्हते, तशी गरजही नव्हती. निवडणुकीशी जास्त जवळचे उदाहरण २००९ मधल्या ‘केपर्टन विरुद्ध ए. टी. मॅसी कोल’ प्रकरणाचे आहे. वेस्ट व्हर्जिनियात एका कोळसा कंपनीच्या प्रमुखाने न्यायाधीशपदाच्या एका उमेदवाराच्या बाजूने सुमारे ३० लाख डॉलर खर्च केले, तो उमेदवार निवडून आला आणि पुढे त्याच कंपनीविरुद्धचा ५ कोटी डॉलरचा निवाडा उलटवणाऱ्या बहुमतात सामील झाला. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने, पुन्हा पाच विरुद्ध चार मतांनी, सांगितले की त्याने बाजूला व्हायला हवे होते.

सिम्युलेशनमध्ये डॉलर नसतात, पण मते जमवून देणारा माणूस असतोच. ज्याने आपल्या पक्षाच्या चॅनेलवर तुमच्यासाठी वीस जणांना आठवण करून दिली, तोच महिनाभराने याचिकाकर्ता म्हणून समोर येतो. म्हणून उमेदवाराने निवडणुकीआधीच एक यादी जाहीर करावी असे मला वाटते: कोणत्या पक्षात होते, कोणत्या खासगी चॅनेलमध्ये अजून आहे, कोणाबरोबर प्रत्यक्ष आयुष्यातली मैत्री आहे, कोणाने प्रचारात मदत केली, आणि कोणत्या प्रकरणांतून बाजूला होईन. याचिका आल्यावर केलेली घोषणा सोयीची वाटते. आधी केलेली यादी बंधनकारक असते.

मात्र याचा अतिरेकही होतो. एका सिम्युलेशनमध्ये एका चलाख पक्षकाराने न्यायाधीशांशी मुद्दाम भांडणे उकरून काढली आणि मग तिघांवरही वैयक्तिक आकसाचा आक्षेप घेतला. तिघे बाजूला झाले असते तर सुनावणीला कोणी उरले नसते. अशा वेळी आवश्यकतेचा सिद्धान्त लागू होतो: ऐकणारे दुसरे कोणीच नसेल, तर आक्षेप असलेल्यानेही ऐकावे. २०१५ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयात राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोगाच्या प्रकरणात न्यायमूर्ती खेहर यांच्यावर, हा आयोग ज्याची जागा घेणार होता त्या कॉलेजियममध्ये, म्हणजे न्यायाधीश निवडणाऱ्या ज्येष्ठ न्यायाधीशांच्या गटात, ते असल्यामुळे, असाच आक्षेप आला होता आणि तो फेटाळला गेला. अशा कारणावरून एक न्यायाधीश बाजूला होत असेल, तर त्याच्या जागी येणाऱ्यालाही थोड्याफार फरकाने तेच कारण लागू पडते, ही त्यातली अडचण होती.

आणि आता धागाकर्तीला थेट प्रश्न. तुम्ही कायदेमंडळात होता. संपादित मते बाद करण्याचे ते कलम कोणाच्या कार्यकाळात आले?

धागाकर्ती

माझ्याच. त्या दुरुस्तीचा मसुदा माझा नव्हता, चर्चेत मी एकदा बोलले होते आणि दुरुस्तीच्या बाजूने मत दिले होते. ते भाषण नोंदींमध्ये आहे आणि कोणालाही वाचता येईल.

प्रतिसाद २ (पक्षाचा पदाधिकारी)

मग तर बाजूला होण्याचे काहीच कारण नाही. कायद्याला मत दिलेल्या प्रत्येकाला न्यायालयातून बाद करायचे म्हटले, तर सक्रिय सदस्यांपैकी एकही जण न्यायाधीश होऊ शकणार नाही. शिवाय तो कायदा कशासाठी केला हे यांना इतरांपेक्षा जास्त ठाऊक आहे.

प्रतिसाद ६ (वकील)

नेमके तेच शेवटचे वाक्य मला अडचणीचे वाटते. बाजूने मत दिले एवढ्यावर माघार घ्यावी असे मीही म्हणणार नाही. पण ‘कायदा कशासाठी केला हे मला ठाऊक आहे’ असे म्हणणारा न्यायाधीश त्या क्षणी साक्षीदार होतो, आणि त्या साक्षीची उलटतपासणी कोणालाच करता येत नाही. कायदेमंडळाचा हेतू शोधायचा तर तो जाहीर चर्चेच्या नोंदीतून शोधावा, खंडपीठाच्या खासगी चॅनेलवर एका न्यायाधीशाने सांगितलेल्या आठवणीतून नव्हे. त्यांनी त्या प्रकरणात बसावे, मात्र नोंदीत नसलेली कोणतीही आठवण सहकारी न्यायाधीशांना सांगणार नाही असे लिहून द्यावे. आणि भाषणात त्यांनी संपादनाविषयी स्पष्ट भूमिका घेतली असेल, तर पक्षकारांना आक्षेप घेण्यासाठी दोन दिवस द्यावेत व त्या आक्षेपावर उरलेल्या दोघांनी निर्णय घ्यावा, ज्याच्यावर आक्षेप आहे त्याने नव्हे.

प्रतिसाद ४ (निवडणूक अधिकारी)

यात एक भर. मुदतींबद्दल कोणीच बोलले नाही. चार महिन्यांची मुदत असलेल्या न्यायालयात सहा आठवडे चाललेला खटला म्हणजे खंडपीठ बदलण्याच्या उंबरठ्यावरचा खटला. आरोपी तोवर खेळ सोडून गेलेला असतो, वादातले मंत्रिमंडळ मुदत संपून घरी गेलेले असते, आणि निकाल येतो तो इतिहासाच्या परिशिष्टात छापण्यापुरता. न्यायाधीश प्रत्यक्ष आयुष्यात व्यस्त असतात हे मान्यच आहे, पण तसे असेल तर रजा जाहीर करून तात्पुरता न्यायाधीश नेमू द्यावा. मी पाहिलेल्या वाईट न्यायाधीशांपैकी पक्षपाती फार थोडे होते. बहुतेक नुसते गायब होते.

धागाकर्ती

सर्वांचे आभार. काल रात्री निवेदनाचा मसुदा पुन्हा लिहिला. इथे देत आहे. जिथे सैल वाटेल तिथे निःसंकोच बोट ठेवावे.

‘मी न्यायालयाच्या रिक्त जागेसाठी उमेदवार आहे. न्यायालयासमोर असलेल्या किंवा येऊ घातलेल्या कोणत्याही प्रकरणाच्या निकालाबद्दल मी जाहीरपणे किंवा खासगीत काहीही सांगणार नाही. ज्यांनी मला संदेश पाठवले त्या सर्वांना मी हेच उत्तर दिले आहे. मी कायदा कसा वाचते हे जाणून घ्यायचे असेल, तर नागरिकत्वाच्या व्याख्येवरील जुन्या निकालाचे मी केलेले पुनर्लेखन सोबत जोडले आहे. ते बहुमताच्या विरोधात जाते आणि का, ते त्यात लिहिले आहे.

याचिका आल्यापासून तीन दिवसांत ती दाखल करून घ्यायची की नाही यावर मी माझे मत नोंदवीन आणि युक्तिवाद संपल्यापासून सात दिवसांत निकालाचा माझा भाग लिहून देईन. बहुमताशी सहमत नसेन तर भिन्नमत त्याच दिवशी प्रसिद्ध करीन. दोन दिवसांहून अधिक काळ अनुपस्थित राहणार असेन तर आधी कळवीन आणि सुनावणी चालू असेल तर तात्पुरता न्यायाधीश नेमण्याची विनंती स्वतःहून करीन. केवळ स्क्रीनशॉटच्या आधारावर कोणालाही दोषी ठरवणार नाही.

मी एका पक्षाची सदस्य होते, उमेदवारी दाखल करताना त्या सदस्यत्वाचा राजीनामा दिला आहे. निवडणूक कायद्याच्या मागील दुरुस्तीच्या बाजूने मी मत दिले होते आणि त्यावर एकदा बोलले होते. त्या भाषणाचा दुवा खाली आहे. त्या दुरुस्तीसंबंधी प्रकरण आले तर आक्षेपासाठी पक्षकारांना दोन दिवस मिळतील आणि त्यावर निर्णय इतर दोन न्यायाधीश घेतील. नोंदीत नसलेले काहीही मी त्यांना सांगणार नाही.’

प्रतिसाद १ (माजी न्यायाधीश)

मुदती लिहून दिल्या हे फार बरे केलेत. त्या मोडल्या तर पुढच्या निवडणुकीत कोणालाही बोट ठेवता येईल. फक्त ‘निकालाचा माझा भाग’ हे शब्द बदला. निकाल लिहिण्याचे काम तुमच्याकडे आले तर पूर्ण निकालच तुमचा भाग असेल, आणि सात दिवसांत तिघांच्या सह्या मिळवणे तुमच्या एकटीच्या हातात नाही. ‘माझा मसुदा किंवा त्यावरील माझे मत’ असे लिहा.

प्रतिसाद ६ (वकील)

राजीनामा पक्षाच्या सदस्यत्वाचा झाला. पक्षाच्या खासगी चॅनेलचे काय? तिथे अजून प्रवेश असेल, तर याचिकाकर्त्यांची रणनीती तुम्हाला त्यांच्या विरोधकांच्या आधी वाचायला मिळेल.

धागाकर्ती

प्रवेश होता. आत्ताच प्रशासकांना सांगून काढून घेतला आहे आणि काढल्याची नोंद निवेदनाला जोडली आहे. मसुद्यातले ते शब्दही बदलले. अर्ज आज रात्री यूटीसीनुसार मुदत संपण्याच्या दोन तास आधी दाखल करत आहे, आणि त्यानंतर त्यात एक स्वल्पविरामही संपादित करणार नाही.